पहिलं कार्ड आणि बोर्डिंग पासवरचा रिकामा रकाना

माझी भाची नागपूरची, नोकरी पुण्यात. वय २६, हिंजवडीतल्या एका ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर कंपनीत, हातात पडणारा पगार ७२,००० रुपये. एका रविवारी ती कोथरूडला माझ्याकडे जेवायला आली, ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन माहितीपत्रकं घेऊनच. "मावशी, मी क्रेडिट कार्ड घेऊन राहिली. विमानाचे पॉइंट मिळतात ना, त्यातलं. तू बँकेत होती, कोणतं घेऊ तेवढं सांग."

बँकेच्या कार्ड विभागात माझी बावीस वर्षं गेली. 'कोणतं घेऊ' हा प्रश्न हजार वेळा ऐकला असेल. विचारणाऱ्यानं स्वतःच्या खर्चाचा कागद सोबत आणलाय, असं मात्र क्वचितच पाहिलं. तिनंही आणला नव्हता. मग वरणभात आटोपून आम्ही तो कागद करायला बसलो, आणि ती दुपार त्यातच गेली. ज्यांना पहिलं कार्ड घ्यायचंय त्यांना उपयोग होईल म्हणून ते सगळं प्रकरण इथे लिहिते आहे. कार्डांची आणि क्लबांची, म्हणजे विमान कंपन्यांच्या पॉइंट जमा करायच्या योजनांची, नावं मुद्दाम देत नाही. त्यांचे दर आणि अटी इतक्या वेळा बदलतात की नाव वाचून कुणी कार्ड घेतलं तर शिव्या मला खाव्या लागतील.

तीन पत्रकं

पहिलं एका विमान कंपनीच्या नावाचं कार्ड. वार्षिक फी ३,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. दर १०० रुपयांना २ पॉइंट, थेट त्या कंपनीच्या क्लबात जमा. स्वागताला एका तिकिटाचं व्हाउचर.

दुसरं, तिचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिचं. फी १,००० अधिक जीएसटी, म्हणजे १,१८०. वर्षात दोन लाख खर्च झाले की पुढच्या वर्षीची फी माफ. दर १५० रुपयांना ४ पॉइंट, सुरुवातीला २,००० पॉइंट बोनस. हे पॉइंट बँकेकडेच राहतात आणि हवे तेव्हा पाच-सहा विमान कंपन्यांच्या क्लबांत पाठवता येतात, २ पॉइंटांना १ माइल या दरानं. माइल म्हणजे क्लबातला पॉइंट.

तिसरं साधं कॅशबॅकचं. फी जीएसटी धरून ५९०, सरसकट दीड टक्का परत, तोही बिलातूनच वजा. हे तिनं 'असंच' आणलं होतं.

मन अर्थात पहिल्यावर. व्हाउचर होतं ना! मी एवढंच विचारलं, "या कंपनीचं पुणे-नागपूर विमान किती वाजता असतं?" तिनं फोनवर पाहिलं. थेट विमान नव्हतंच. दिल्लीवरून होतं, सात तासांचं. पुण्याहून नागपूरला जायला दिल्ली! ट्रॅव्हल्सनं रात्री निघालेला माणूस सकाळी आईच्या हातचे पोहे खात असतो. त्यात व्हाउचर फक्त मूळ भाड्याचं. विमानतळ वापरायचं शुल्क (यूडीएफ), सुरक्षा शुल्क, जीएसटी हे सगळं आपल्याच खिशातून. मुदत एक वर्ष, आणि दिवाळीच्या तारखा बाद. मूळ भाडं साधारण साडेतीन हजार, फीही साडेतीन हजार. म्हणजे स्वतःच्याच पैशांनं तिकीट काढायचं आणि वर आभार मानायचे. पहिलं पत्रक दहा मिनिटांत बाजूला गेलं.

पासष्ट हजारांतले किती?

"माझा खर्च महिन्याला पासष्ट हजार होतो," ती म्हणाली. बेरीज केली तर खरंच ६५,२०० आले. आता त्यातलं कार्डावर काय जाऊ शकतं?

वाकडच्या फ्लॅटमधला तिचा भाड्याचा वाटा १६,०००. घरमालकाला यूपीआय. ॲपमधून कार्डानं भाडं भरायचं म्हटलं तर वर फी बसायची, आणि बहुतेक बँका त्यावर पॉइंट देत नव्हत्या. खोडलं. म्युच्युअल फंडाची एसआयपी १५,०००. ती क्रेडिट कार्डानं भरताच येत नाही. खोडलं. घरी पाठवते ते १०,००० खोडले. स्कूटीचं पेट्रोल १,५००, इंधनावर पॉइंट नाहीत. चहा, रिक्षा, भाजी ४,०००, ते सगळं क्यूआर कोडवर.

इथे ती थांबली. "पण आता क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं." येतं. रूपे कार्डाला ती सोय २०२२ पासून आहे. पण पॉइंट कुठून येतात ते आधी बघायला हवं. दुकानदार कार्ड घेतो तेव्हा बिलाचा दीड-दोन टक्के हिस्सा बँकांना देतो, त्यातला एक घास आपल्याला पॉइंट म्हणून मिळतो. छोट्या दुकानदाराकडच्या दोन हजारांच्या आतल्या रूपे-यूपीआय व्यवहारावर असा हिस्सा कापलाच जात नाही. जिथे बँकेलाच काही मिळत नाही, तिथे ती आपल्याला काय देणार? विमा, सरकारी भरणा, वॉलेट, ईएमआय या गोष्टी अटींच्या बारीक अक्षरात वगळलेल्या का असतात, तेही याच चष्म्यातून वाचलं की उमगतं.

उरले काय? किराणा ६,०००, बाहेरचं खाणं ३,५००, वीज-वायफाय-मोबाइल २,२००, कपडे आणि ऑनलाइन खरेदी ४,०००, तिकिटं सरासरी ३,०००. बेरीज १८,७००. पासष्ट हजारांचे अठरा हजार सातशे.

वर्षाचे २,२४,४००. त्यात घरचा फ्रिज बदलायचा होता, २४,६०० धरले. आई-बाबांच्या आरोग्यविम्याचा हप्ता ३१,०००, पण दोन्ही पत्रकांत विम्यावर पॉइंट नव्हते, कॅशबॅकही नव्हता. म्हणून पॉइंट मिळतील असा खर्च वर्षाला २,४९,०००.

कॅशबॅक कार्डावर याचे दीड टक्क्यानं ३,७३५ रुपये. पहिल्या वर्षीची फी वजा जाता ३,१४५.

बँकेच्या कार्डावर २,४९,००० भागिले १५०, गुणिले ४, म्हणजे ६,६४० पॉइंट. कागदावर. प्रत्यक्षात 'दर १५० रुपयांना' म्हणजे पूर्ण १५० रुपयांना. तिच्या फोनमधल्या जेवणाच्या ऑर्डरी काढून पाहिल्या. २८७ रुपये: एक टप्पा, ४ पॉइंट, वरचे १३७ रुपये पाण्यात. १४९ रुपये: शून्य. त्या १४९ कडे ती बराच वेळ बघत होती. "एक रुपया टिप द्यायला पाहिजे होती," म्हणाली. तीन महिन्यांचं असं तपासलं तर दहा टक्के गळती दिसली. म्हणून ६,००० धरले. बोनस मिळून ८,०००, माइल केले की ४,०००.

एक माइल किती रुपयांचा?

याला पाठ करण्यासारखं उत्तर नाही, भागाकार आहे. तिकिटाची रोख किंमत घ्या, पॉइंटांनी तिकीट काढल्यावरही भरावे लागणारे कर त्यातून वजा करा, उरलेल्याला पॉइंटांनी भागा. पण त्यासाठी तिकीट कुठलं ते ठरलेलं हवं. "पॉइंट घेऊन जायचं कुठे?" विचारलं, तर जरा वेळानं म्हणाली, बाबांना आणि आईला एकदा विमानात बसवायचंय. नागपूरहून मुंबई, मग माझ्याकडे पुण्याला.

ठीक. एका क्लबाचं नागपूर-मुंबई थेट विमान होतं. त्या दिवशी त्यांच्या साइटवर एका माणसाचं तिकीट ५,००० पॉइंट आणि ८०० रुपये कर. त्याच विमानाचं रोख भाडं, सुट्ट्या लागल्यानंतरच्या तारखेला, ५,२००. म्हणजे ४,४०० भागिले ५,०००, ८८ पैसे. आडदिवशी तेच भाडं ३,३०० होतं, तेव्हा ५० पैसे. माइल तोच, सीट तीच. म्हणून पॉइंट महागाच्या दिवशी मोडायचे आणि स्वस्ताच्या दिवशी सरळ पैसे द्यायचे, एवढं तिला पटलं. महागाच्या दिवशी पॉइंटांची सीट शिल्लक असेल का, हा वेगळा प्रश्न. तिथे चार महिने आधी उठून बघणाऱ्यालाच मिळते.

पण वर्षाचे माइल होते ४,००० आणि एक तिकीट ५,००० ला. म्हणजे पहिल्या वर्षी काहीच नाही. कॅशबॅकचे ३,१४५ रुपये तर हातात. मी पेन ठेवलं. "कॅशबॅक घे आणि त्या पैशांत आईचं तिकीट काढ. फुकटच्या नादाला लागू नकोस."

तिला ते आवडलं नाही, पण हिशेबापुढे काय बोलणार? ताटं उचलता उचलता सहज म्हणाली, "तसंही जर्मनीच्या वेळी काही मिळालं नव्हतं."

रिकामा रकाना

मी ताटं परत ठेवली.

कंपनीनं तिला आदल्या वर्षी स्टुटगार्टला पाठवलं होतं. मुंबईहून फ्रँकफर्ट लुफ्तान्सानं, पुढे रेल्वेनं. बोर्डिंग पास पासपोर्टच्या कव्हरमध्ये अजून होता. थर्मल छपाई पुसट झालेली, पण तिकीट नंबर वाचता येत होता. २२० नं सुरू होणारा. हे पहिले तीन आकडे कंपनीची खूण असतात. लुफ्तान्साचे २२०, एअर इंडियाचे ०९८. तिचं नाव, सीट नंबर, आणि जिथे प्रवाशाचा क्लब नंबर छापतात ती जागा कोरी.

तिकिटाचे पैसे कंपनीनं भरले म्हणून पॉइंटही कंपनीचे असतील, असा तिचा समज. तो तिचा एकटीचा नाही. पुण्यात प्रोजेक्टसाठी वर्षानुवर्षं जर्मनीला ये-जा करणारे लोक मी पाहिलेत, ज्यांचा एकाही क्लबात नंबर नाही. पॉइंट सीटवर बसणाऱ्याचे असतात. मुळात हा प्रकार सुरू झाला तोच उडणाऱ्यांसाठी. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये ॲडव्हान्टेज हा क्लब काढला तेव्हा माइल मोजायचे ते विमानात बसलेले. कार्डं त्यात नंतर शिरली, आणि आता आपण वरातीमागच्या घोड्यालाच नवरदेव समजतो.

मुंबई ते फ्रँकफर्ट एका बाजूनं चार हजार मैलांच्या वर. लुफ्तान्सा स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, एअर इंडियाही २०१४ पासून आहे. या गटातल्या एका कंपनीनं उडालात तर माइल दुसरीच्या क्लबात जमा करता येतात. किती, ते तिकिटाच्या बुकिंग क्लासवर, म्हणजे भाड्याच्या प्रकारावर. सगळ्यात स्वस्त क्लासला निम्मे किंवा त्याहून कमी. तरी येऊन-जाऊन चार हजारांच्या आसपास पडले असते. पण सदस्यच नसताना केलेला प्रवास मागाहून लावून घेणं बहुतेक क्लबांत जमत नाही. आणि तिच्या प्रवासाला वर्ष उलटलं होतं. तो गेला तो गेला.

"आता पुन्हा कधी?"

"मार्चमध्ये. आणि ऑक्टोबरमध्येही म्हणतायत."

पेन परत उचललं. दोन खेपांचे ८,००० माइल त्याच नागपूर-मुंबईच्या क्लबात, कार्डाविना, एक पैसा खर्च न करता. एक तिकीट झालं, ३,००० उरले. त्यांचं लोणचंही घालता येत नाही. आता कार्डाचे ४,००० त्यात ओता: १२,०००. दोन तिकिटं. आई आणि बाबा. म्हणजे कार्डाच्या माइलांनी आणलं ते दुसरं तिकीट, ४,४०० रुपयांचं. फी वजा जाता ३,२२०.

कॅशबॅक ३,१४५. पंचाहत्तर रुपयांचा फरक!

आम्ही दोघी हसलो. ज्या निवडीवर लोक तासन्‌तास खल करतात ती तिच्या बाबतीत इतकी चुटपुटती होती. तिच्यासोबत राहणारी मुलगी साताऱ्याची, एसटीनं जाते, परदेशी पाठवणारी नोकरी नाही. तिनं डोळे झाकून कॅशबॅक घ्यावं.

कौल कशानं लागला

हिशेबानं नाही. पहिलं म्हणजे, दोन आठवड्यांपूर्वी भाचीनं मॉलमधल्या स्टॉलवर एका भारी कार्डाचा फॉर्म भरला होता. दहा हजार फी, लाउंज, टाय घातलेला गोड मुलगा. अर्ज नाकारला गेला. सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा, अहवाल काढला, वर्षाला एकदा तो फुकट मिळतो, तर स्कोअरच्या जागी उणे एक. याचा अर्थ पत वाईट असा नाही, इतिहासच नाही. तिनं कधी कर्जच घेतलेलं नव्हतं. नाकारलेल्या अर्जाची चौकशी मात्र अहवालात नोंदलेली. अशा वेळी तिसऱ्या बँकेचं दार ठोठावण्यात अर्थ नव्हता. पगाराचं खातं असलेली बँक तिचा पगार दर महिन्याला बघते; तिच्या ॲपमध्ये दुसरं कार्ड मंजूर होऊनच पडलेलं होतं. असं काही नसतं तर मी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यायला लावलं असतं.

दुसरं, पॉइंट बँकेकडे राहणं. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिचा जेटप्रिव्हिलेज क्लब वेगळ्या कंपनीकडे असल्यानं पॉइंट बुडाले नाहीत, पुढे नावही इंटरमाइल्स झालं. पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले ती विमानंच उडेनाशी झाली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंटही तिकडे गेले. पॉइंट एकदा क्लबात पाठवले की परत बँकेत येत नाहीत. म्हणून माझा एक हट्ट: तिकीट समोर दिसेपर्यंत पाठवायचे नाहीत.

खरी तंबी वेगळीच होती. तिच्या ऑफिसातल्या एकानं फोन घेतला, ४०,००० बिल आलं, त्यानं 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून निश्चिंत झोप घेतली. महिन्याला पावणेचार टक्के व्याज धरा, तर १,५०० आणि त्यावर जीएसटी २७०, एका महिन्याचे १,७७०. भाचीचे वर्षाचे ६,००० पॉइंट म्हणजे ३,००० माइल, आडदिवसाच्या भावानं दीड हजार. वर्षाची कमाई एका महिन्यात साफ, आणि मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस नाहीत. ऑटो-पे लावताना ॲप 'मिनिमम' आणि 'टोटल' असे दोन पर्याय देतं. ती माझ्यासमोर बसून 'टोटल'वर टिक करेपर्यंत मी चहा टाकला नाही.

जर्मनीत हे कार्ड चालवायचं नाही, हेही बजावलं. परकीय चलनावर साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. पन्नास हजारांवर २,०६५ रुपये. त्यासाठी कंपनीचं फॉरेक्स कार्ड. अगदीच वेळ आली आणि मशीननं युरो की रुपये विचारलं, तर युरो.

नाही पटलं तर कार्ड बंद करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सगळी बाकी भरून अर्ज केला की सात कामाच्या दिवसांत बँकेनं ते बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा. आमच्या काळी हे असतं तर माझ्या टेबलावरचा निम्मा ढीग हलला असता.

वर्षभरात काय झालं

कार्ड जानेवारीत आलं. क्लबाचं खातं तिनं त्याच रविवारी माझ्या सोफ्यावर बसून उघडलं, आणि तिथेच घोळ घातला. फॉर्ममध्ये लिहिलं नाव आणि आडनाव. पासपोर्टमध्ये, आपल्याकडे असतं तसं, नावाच्या रकान्यात तिचं आणि वडिलांचं नाव जोडीनं. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कनं तिकीट पासपोर्टप्रमाणे काढलं. मार्चच्या खेपेचे माइल आलेच नाहीत. क्लबाच्या दृष्टीनं उडाली ती बाई वेगळी. पासपोर्टची प्रत, बोर्डिंग पास आणि तिकीट नंबर पाठवून, नाव दुरुस्त करून, मे महिन्यात ४,१०० जमा झाले. मराठी माणसांनी खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवावा आणि वडिलांनाही रकान्यात बसवावं. बँकेकडून पॉइंट पाठवतानाही नाव जुळावं लागतं.

ऑक्टोबरचं तिकीट आणखी खालच्या क्लासचं निघालं, ३,४०० मिळाले. कार्डाचे माझ्या अंदाजापेक्षा कमी भरले, ७,४०० पॉइंट, म्हणजे ३,७००. एकूण ११,२००. दरम्यान नागपूर-मुंबईचं तिकीट ५,००० वरून ५,५०० झालेलं. दोघांचे ११,०००. फी पुढच्या वर्षी माफ आहे.

यंदा जानेवारीत तिनं मे महिन्याची दोन तिकिटं काढली आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. क्लबात उरले २००. दोघांच्या करांचे १,६०० रुपये कार्डावर भरले, त्याचे टप्पे दहा, पॉइंट ४०. खाली लिहिलं होतं, "मावशी, वरचे शंभर वाया."